वार्धक्यातील दैनंदिन कार्यक्षमता : मापन, ऱ्हास आणि जपणूक

वृद्धांच्या आरोग्याचा विचार वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ रोगांच्या यादीवरून केला. मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात, मोतीबिंदू यांपैकी किती विकार एखाद्याला आहेत आणि ते कितपत आटोक्यात आहेत, यावरून त्या व्यक्तीचे वार्धक्य निरोगी की रोगट हे ठरत असे. या पद्धतीचा दोष असा, की नेमके तेच तीन विकार असलेल्या दोन बहात्तर वर्षांच्या व्यक्तींपैकी एक रोज बाजारहाट करून दोन जिने चढते आणि दुसरीला न्हाणीघरापर्यंत जाण्यासाठीही कोणाचा तरी हात धरावा लागतो, हा फरक त्या यादीत कोठेच उमटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वार्धक्य व आरोग्यविषयक अहवालाने हा दृष्टिकोन बाजूला सारला आणि उतारवयात स्वास्थ्य शक्य करणारी कार्यक्षमता निर्माण करण्याची व टिकवण्याची प्रक्रिया म्हणजे निरोगी वार्धक्य, अशी व्याख्या मांडली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले, त्याचा पायाही हीच व्याख्या आहे.

या मांडणीत दोन घटक वेगळे केलेले आहेत. पहिला घटक अंगभूत क्षमतेचा, म्हणजे चालणे-फिरणे, शरीराचे पोषण व जोम, स्मरण व आकलन, मनःस्थिती आणि दृष्टी-श्रवण या पाच अंगांनी व्यक्तीजवळ असलेल्या एकूण शारीरिक-मानसिक बळाचा. दुसरा घटक परिस्थितीचा, ज्यात घर, रस्ता, वाहन, उपकरणे, कुटुंब आणि सरकारी व्यवस्था हे सारे येते. व्यक्ती प्रत्यक्षात काय करू शकते हे या दोहोंच्या मेळावर अवलंबून असते. गुडघा दुखणारी स्त्री तळमजल्यावर राहत असेल तर ती देवळात जाते, भाजी आणते, शेजारणीकडे बसते. तीच स्त्री लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असेल तर गुडघ्यात तसूभर फरक न पडताही ती अपंग ठरते. कार्यक्षमता जपण्याचे उपायही त्यामुळे दोन दिशांनी जातात, आणि यांतील दुसरी दिशा भारतात बव्हंशी दुर्लक्षित राहिली आहे.

कार्यक्षमता मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न मात्र या व्याख्येपेक्षा पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दैनंदिन क्रियांची जी मोजपट्टी प्रसिद्ध केली तिच्यात स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठून हलणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहाच गोष्टी होत्या. कॅट्झ यांना असे आढळले, की या क्रिया सामान्यतः ठरावीक क्रमाने हातच्या जातात, स्नानाची क्षमता आधी आणि जेवणाची सर्वांत शेवटी. तसेच हा क्रम लहान मूल त्या क्रिया ज्या क्रमाने शिकते त्याच्या साधारण उलट असतो. या निरीक्षणाचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे, कारण आंघोळीला मदत लागू लागली की पुढचे टप्पे कोणते हे कुटुंबाला आणि डॉक्टरला आधीच कळते. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी याच्या वरची पायरी मोजली. टेलिफोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचे व्यवहार या आठ क्रियांना साधनाधारित दैनंदिन क्रिया म्हणतात, कारण त्यांत शरीराबरोबर नियोजन व स्मरणही लागते आणि म्हणून बुद्धीचा ऱ्हास प्रथम येथेच दिसून येतो. मूळ मोजपट्टीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे या तीन बाबींवर गुणच दिले जात नसत. त्या काळच्या अमेरिकेलाही घरातला पुरुष आपल्याकडच्यासारखाच वाटत होता असे म्हणावे लागते.

परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी वापरण्यातली अडचण येथून सुरू होते. ज्या घरात पैशांचे व्यवहार मुलगाच पाहतो आणि स्वयंपाक सुनेच्या हाती गेलेला असतो, तेथील वृद्ध व्यक्ती या गोष्टी करत नाही एवढे कळते, पण तिला त्या करता येत नाहीत की कोणी करू देत नाही, हे कळत नाही. हरियाणातील बल्लभगड परिसरात भारत-अमेरिका स्मृतिभ्रंश प्रकल्पाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये अल्पशिक्षित ग्रामीण वृद्धांसाठी स्वतंत्र मोजपट्टी तयार केली ती याच कारणाने. तरीही भारतीय जीवनातील एक मोठा भाग अशा साधनांतून निसटतो, तो म्हणजे जमिनीवरचे जगणे. पाटावर मांडी घालून जेवणे, विळीवर भाजी चिरणे, देवापुढे बसून उठणे, भारतीय पद्धतीच्या शौचकूपात उकिडवे बसणे या क्रियांना नितंब, गुडघा आणि घोटा यांची जी लवचीकता लागते ती खुर्ची-पलंगाच्या जीवनात कधी लागतच नाही. उकिडवे बसण्यासाठी गुडघा १२० अंशांच्या बराच पलीकडे वाकावा लागतो, त्यामुळे ज्या अवस्थेतील युरोपीय रुग्ण स्वतःला जवळजवळ पूर्ववत समजेल त्याच अवस्थेतील कोकणातला शेतकरी परसातल्या संडासात बसू शकत नाही. जमिनीवरून उठण्याची क्षमता किती बोलकी आहे हे ब्राझीलमधील एका अभ्यासाने २०१२ मध्ये दाखवले. ५१ ते ८० वर्षे वयाच्या दोन हजार व्यक्तींना जमिनीवर बसून पुन्हा उठण्यास सांगून, हात, गुडघा किंवा कोपर टेकावे लागले की गुण कमी करत १० पैकी गुण देण्यात आले, आणि कमी गुण मिळालेल्यांचे पुढील काही वर्षांतील मृत्युप्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले. जमिनीवर बसणे सोडल्याने ती क्षमता जाते की क्षमता गेल्याने बसणे सुटते, याचा उलगडा अशा अभ्यासातून होत नाही. तथापि सत्तरी गाठलेल्या, सांधे ठीक असलेल्या माणसाला केवळ वय झाले म्हणून पाटावरून उठवून टेबलाशी बसवण्याची घाई करू नये, एवढा निष्कर्ष त्यातून काढता येतो.

भारतात या प्रश्नाचे आकारमान कळले ते मुख्यतः मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासामुळे. २०१७-१८ च्या त्याच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. साठीच्या पुढच्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना मूलभूत दैनंदिन क्रियांपैकी किमान एकीत आणि जवळजवळ निम्म्या लोकांना साधनाधारित क्रियांपैकी किमान एकीत अडचण असल्याचे तीतून दिसले. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे भारतीय सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होते, आणि गोवा व महाराष्ट्र ही राज्ये या बाबतीत राष्ट्रीय सरासरीच्या पुढे होती. महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास त्याआधीच सुरू झाला होता. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली गावपातळीवर सांधेदुखीची जी पाहणी झाली तिने ग्रामीण भागात हाडे-सांधे-स्नायूंच्या वेदना किती व्यापक आहेत हे दाखवून दिले, तर शिरूर तालुक्यातील वढू परिसरात ५० वर्षांवरील पाच हजारांहून अधिक लोकांचे स्वास्थ्य व अपंगत्व मोजले गेले. अशा पाहण्यांतून वारंवार दिसणारी गोष्ट ही, की स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, पण त्या वाढीव वर्षांचा मोठा भाग अडचणीत काढतात. कमी शिक्षण, वैधव्य, आयुष्यभराचे पाणी-सरपणाचे ओझे आणि घरात सर्वांत शेवटी जेवण्याची रीत यांचा हिशेब येथे एकत्र मांडला जातो.

ऱ्हासाच्या कारणांत स्नायूंचे स्थान मध्यवर्ती आहे. वयानुसार स्नायूंचे वस्तुमान व ताकद घटत जाण्याला सार्कोपेनिया म्हणतात. ही संज्ञा आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवली. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार हाताच्या मुठीची ताकद पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोग्रॅमहून कमी असणे, चालण्याचा वेग सेकंदाला १ मीटरहून कमी असणे, किंवा हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे ही धोक्याची चिन्हे मानली जातात. यांतील चालण्याच्या वेगाला तर नाडी वा रक्तदाबाइतकेच महत्त्व द्यावे असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे, कारण २०११ मध्ये नऊ अभ्यासांतील ३४ हजारांहून अधिक वृद्धांची माहिती एकत्र करून पाहिली असता केवळ वय, लिंग आणि चालण्याचा वेग यांवरून उरलेल्या आयुष्याचा बराच नेमका अंदाज बांधता आला. याच्या पुढची अवस्था जराजर्जरतेची. लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये नकळत घटलेले वजन, थकवा, कमजोर मूठ, मंद चाल आणि अत्यल्प हालचाल अशी तिची पाच लक्षणे सांगितली आणि त्यांपैकी तीन वा अधिक असल्यास ती व्यक्ती जर्जर समजावी असे सुचवले. अशा व्यक्तीला एक साधा ताप किंवा अतिसारही अंथरुणाला खिळवण्यास पुरतो.

अंथरूण हाच या विषयातील सर्वांत कमी ओळखला गेलेला अपायकारक घटक आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या केवळ पायांतील चरबीविरहित वस्तुमानात जवळजवळ एक किलोची घट झाली. रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धाला आजार, भूक मंदावणे आणि झोपमोड यांची त्यात भर पडते. २००३ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढील रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण आजारापूर्वी करत असलेल्या दैनंदिन क्रियांपैकी किमान एक गमावून घरी परतले होते. न्यूमोनिया बरा झाला असा शेरा कागदावर पडतो आणि माणूस मात्र चालायचा थांबलेला असतो. आजाऱ्याने स्वस्थ पडून राहावे ही आपल्याकडील घट्ट समजूत आणि पडण्याच्या भीतीने रुग्णाला खाटेवरून उतरू न देणारी रुग्णालयीन शिस्त या दोन्ही गोष्टी या हानीत सारख्याच वाटेकरी आहेत.

ऱ्हास अटळ असला तरी त्याची गती ठरलेली नाही, हे दाखवणारा पुरावा आता भक्कम आहे. मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये बोस्टन येथे नव्वदीच्या घरातील दहा जर्जर व्यक्तींकडून आठ आठवडे जोरकस वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांच्याच १९९४ च्या अभ्यासात शुश्रूषागृहातील शंभर रहिवाशांपैकी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, तर व्यायामाविना केवळ पूरक आहार दिलेल्यांना तसा काहीच लाभ झाला नाही. हे प्रयोग लहान होते. मोठ्या प्रमाणावरील पडताळणी २०१४ मध्ये झाली. ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या जीवनशैलीच्या अमेरिकी व्यक्तींपैकी निम्म्यांना चालणे, ताकद, तोल आणि लवचीकता यांचा कार्यक्रम आणि निम्म्यांना केवळ आरोग्यविषयक व्याख्याने देण्यात आली. सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३०.१ आणि दुसऱ्यात ३५.५ टक्के राहिले. हा फरक चमत्काराचा नव्हे, पण या वयात असा लाभ देणारे औषध कोणतेही नाही. पडण्याच्या बाबतीतही अनेक चाचण्यांचा २०१९ मध्ये झालेला एकत्रित आढावा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते असे सांगतो, आणि त्यात तोलाचे व नेहमीच्या हालचालींचे व्यायाम आघाडीवर आहेत. केवळ चालण्याने हे साधत नाही. महाराष्ट्रातील शहरांत सकाळच्या फेरीचा नेम निष्ठेने पाळणारे असंख्य ज्येष्ठ मांड्यांच्या ताकदीसाठी आणि तोलासाठी काहीही करत नाहीत, त्यामुळे हृदयाला लाभ होऊनही खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हात टेकावे लागतात.

व्यायामाला प्रथिनांची जोड नसेल तर स्नायू बांधला जात नाही. उतारवयात शरीर प्रथिनांचा उपयोग कमी कार्यक्षमतेने करते म्हणून २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने वृद्धांनी रोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत अशी शिफारस केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात प्रौढांसाठी हा आकडा ०.८३ आहे. प्रत्यक्षातील अनेक ताटे या दुसऱ्या आकड्यापर्यंतही पोहोचत नाहीत. दात गेले की भाकरी आणि उसळ सुटते, रात्री पचत नाही म्हणून दूध-भातावर भागवले जाते, एकटी राहणारी व्यक्ती चहा-बिस्किटांवर वेळ मारून नेते आणि वयाबरोबर उपवासांची संख्या वाढत जाते. ज्यांची मूत्रपिंडे ठीक आहेत त्यांच्यासाठी मऊ शिजवलेली मुगाची उसळ, दही, ताक, अंडे किंवा मासे यांचा दोन्ही वेळच्या जेवणात समावेश करणे हा कवळीइतकाच आवश्यक उपाय आहे, आणि कवळी ही तर पोषणाची पहिलीच अट आहे.

डोळे आणि कान यांच्याबाबतचा पुरावा एकसारख्या बळाचा नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे २००५ मध्ये सत्तरीपुढील ज्या स्त्रियांची पहिल्या डोळ्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया लवकर झाली त्यांचे पडण्याचे प्रमाण वर्षभर प्रतीक्षायादीत राहिलेल्या स्त्रियांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. भारतात ही शस्त्रक्रिया सुलभ व स्वस्त असल्याने तिच्यात चालढकल करण्यास काहीच सबब नाही. श्रवणयंत्रांविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सर्व सहभागींचा एकत्र विचार करता बौद्धिक ऱ्हासावर परिणाम दिसला नाही, परंतु ज्यांना त्याचा धोका मुळात अधिक होता त्यांच्यात तीन वर्षांतील ऱ्हास जवळजवळ निम्म्याने मंदावला. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून, कीर्तनातून आणि शेवटी कौटुंबिक निर्णयांतूनही बाजूला पडतो, हे नुकसान तर कोणत्याही चाचणीविना दिसते. लघवीवरील ताबा सुटण्याविषयी मात्र संकोचापोटी बोललेच जात नाही, आणि त्या एका अडचणीपायी लग्नकार्ये, प्रवास आणि देवदर्शन बंद होऊन माणूस घरात कोंडला जातो, जरी ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने किंवा औषधांच्या फेरतपासणीने तिच्यात बरीच सुधारणा होऊ शकते. औषधांची फेरतपासणी या एका कारणापुरती नसते. पाचाहून अधिक औषधे घेणाऱ्या वृद्धात झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाची दुहेरी-तिहेरी औषधे आणि वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकमेकांच्या नकळत लिहिलेली औषधे मिळून चक्कर, गोंधळ आणि पडणे ओढवते, आणि त्यावर उपाय म्हणून बहुधा आणखी एक गोळी लिहिली जाते.

परिस्थितीच्या दिशेने केलेला सर्वांत कल्पक प्रयोग बाल्टिमोर येथे सारा झँटन यांनी उभा केला. त्यात परिचारिका, व्यवसायोपचारतज्ज्ञ, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी शिकवणारा उपचारक, आणि घरदुरुस्ती करणारा कारागीर असे तिघे चार-पाच महिन्यांत काही वेळा वृद्धाच्या घरी जातात, तुम्हाला काय करता यायला हवे आहे असे त्यालाच विचारतात आणि त्यानुसार कठडा बसवण्यापासून औषधांचे वेळापत्रक लावण्यापर्यंतची कामे करतात. २०१९ च्या चाचणीत यामुळे दैनंदिन क्रियांतील अडचणी तुलना-गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. कारागिराला उपचार करणाऱ्या चमूत बसवण्याची ही कल्पना भारतीय घरांना विशेष लागू पडते, कारण ओली गुळगुळीत फरशी, उंच उंबरठा, मंद दिवा आणि आधाराविना असलेला शौचकूप यांवरील इलाज औषधाच्या दुकानात मिळत नाही. घराबाहेर महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला, हे कार्यक्षमतेच्या दृष्टीने खरोखर महत्त्वाचे पाऊल होते; गाडीची पहिली पायरी मात्र आहे तेवढीच उंच आहे.

कुटुंबाची भूमिका येथे वाटते त्याहून गुंतागुंतीची आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ मार्गरेट बाल्टेस यांनी वृद्धाश्रमांतील दैनंदिन व्यवहारांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले, की वृद्धाने मदत मागितली की लगेच लक्ष दिले जाते आणि त्याने स्वतःहून काही केले की ते दुर्लक्षिले जाते, त्यामुळे परावलंबन हे पुष्कळदा शरीराने लादलेले नसून भोवतालच्यांनी शिकवलेले असते. भारतीय कुटुंबात हे शिक्षण प्रेमाच्या व कर्तव्याच्या नावाने दिले जाते. आईच्या हातातले लाटणे काढून घेणारी सून आणि वडिलांना बँकेत जाऊ न देणारा मुलगा सेवाच करत असतात, पण त्या सेवेत वृद्धाच्या दिवसातील उठबस, हिशेब, चारचौघांशी बोलणे आणि आपण उपयोगी आहोत ही जाणीव एकाच वेळी संपते. काम हळू झाले, थोडे सांडले-लवंडले, तरी ते वृद्धाच्याच हातून होऊ देणे ही अधिक कठीण सेवा आहे, आणि तिला लागणारा वेळ नोकरदार घरात कोणाकडे नसतो हेही खरे आहे.

जपानने वृद्धांचा सांभाळ केवळ कुटुंबावर टाकता येणार नाही हे ओळखून २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला आणि काही वर्षांतच त्यात परावलंबन टाळण्याच्या कार्यक्रमांची भर घातली. तेथील आयची प्रांतातील ताकेतोयो या गावी २००७ पासून चाललेल्या ज्येष्ठांच्या बैठकींचा अभ्यास झाला असता त्यांत येणाऱ्यांत परावलंबन कमी आढळले. मुळात सुदृढ लोकच अशा ठिकाणी येतात हा आक्षेप संशोधकांनी सांख्यिकी पद्धतींनी बराचसा दूर केला असला तरी तो पूर्णतः मिटतो असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात अशा बैठकी नव्याने उभारण्याची गरजच नाही, कारण ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे आणि त्यांचा फेस्कॉम हा महासंघ येथे अनेक दशकांपासून कार्यरत आहे. व्याख्याने, वाढदिवस आणि सहली यांत रमलेल्या या संघांनी आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास ताकद व तोलाच्या व्यायामाला दिला, तर राज्यातील कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा त्याचा पल्ला मोठा ठरू शकेल.

सरकारी योजनांची उणीव त्यांच्या संख्येत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष व फिजिओथेरपी यांची तरतूद त्यात आहे. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, चष्मे आणि कवळ्या दिल्या जातात. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी पासष्टीपुढील पात्र व्यक्तीच्या खात्यात ३,००० रुपये जमा होतात. आणि त्याच वर्षी सत्तरीपुढील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. मात्र साधन दिल्यावर ते त्या व्यक्तीच्या उंचीला जुळते का, ते वापरायला कोणी शिकवले का, हे पाहणारी माणसे या साखळीत फारच थोडी आहेत, आणि विम्याचा पैसा रुग्णालयात दाखल होण्यावर खर्च होतो, तर कार्यक्षमता घटते ती घरात, आणि तेथून उरलेली पुष्कळदा त्या रुग्णालयाच्याच खाटेवर. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून खाजगी दवाखान्यापर्यंत वृद्धाच्या केसपेपरवर रक्तदाब आणि साखर लिहिली जाते. त्याच कागदावर खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास लागलेले सेकंद, चार मीटर चालण्यास लागलेला वेळ आणि आंघोळ स्वतः करता येते का या प्रश्नाचे उत्तर एवढ्या तीन नोंदी जोडण्यास एक खुर्ची, एक घड्याळ आणि पाच मिनिटे लागतात, आणि राज्याच्या आरोग्य विभागाने पुढील कोणतीही योजना आखण्यापूर्वी या नोंदी सक्तीच्या कराव्यात.